बाळंतिणीच्या पोटाला बांधलेला पट्टा

नाक मुरडू नका, मी बाळंतिणीच्या पोटाला बांधायचा पट्टा बोलतोय. चारचौघांत माझं नाव कोणी काढत नाही. दोरीवरसुद्धा मला इतर कपड्यांच्या आड वाळत घालतात. पण बायांच्या दुखण्याबद्दल मला जेवढं ठाऊक आहे, तेवढं त्यांच्या नवऱ्यांना नाही!

मी बुऱ्हाणपूरच्या मागावरचा. आधी लुगडं होतो. धुवून धुवून मऊ झालो, तेव्हा शारदाच्या आईनं मला उभं फाडलं आणि लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी फोपनार गावाहून तिच्या सासरी पाठवलं.

मुलगी झाली. सासू धुरपदाबाईनं मला शारदाच्या पोटाभोवती गुंडाळून अशी ओढ दिली की माझे धागे करकरले. "घट्ट बांधू दे व, नाहीतर पोट सुटते!" माया होती ती, खोटं कशाला बोलू? पण मधेच आवळल्यामुळे पोट वरून-खालून बाहेर येई आणि शारदाला श्वास पुरत नसे. मी तरी काय करणार? ओढाल तिकडे जाणार.

शारदा उठू लागली की बेंबीपाशी पोटाचे दोन काठ दूर होत आणि मधे उंचवटा येई. पोटात जोर नाही म्हणून कंबर दुखे, कंबर दुखे म्हणून ती वाकून चाले. ते पाहून शेजारची सोजरबाई म्हणे, "धुरपदाबाई, नशीब काढलं व! काय मर्यादेची सून आहे, मान वर करत नाही." झालं! सासू फुगली आणि शारदाचं तोंड बंद झालं.

बाहेर ओट्यावर पुरुषमंडळी पेपर वाचत. आज अमकं संस्थान देशात सामील झालं, उद्या तमकं. आत बाईच्या पोटाचे काठ जुळेनात, त्याची बातमी कोण छापणार?

एका दुपारी पोर सतरंजीवर रडत होती. शारदा उचलायला वाकली, पण कंबरेतून कळ आली नि ती मटकन खाली बसली. "माह्यं लेकरू मले उचलता येत नाही," म्हणत तीही रडू लागली. धुरपदाबाई धावत आली. तिला वाटलं, मीच सैल पडलो. ती माझी गाठ आवळायला गेली, तसा शारदानं तिचा हात धरला.

"नका आवळू, आत्याबाई. मी मर्यादेनं वाकत नाही. मले सरळ उभंच राहता येत नाही."

धुरपदाबाईनं मला सोडलं, सुनेच्या पोटावर हात ठेवला. बोटं मधल्या फटीत रुतली तशी ती दचकली. मग हळूच म्हणाली, "माह्यं बी असंच आहे व. तुह्या नवऱ्याच्या वेळेपासून. मले बी लोकं गुणाची म्हणत."

दुसऱ्या दिवशी ती सुनेला टांग्यातून दवाखान्यात घेऊन गेली. नर्सबाईनं सांगितलं, एकदम उठू नका, कुशीवर वळून हाताच्या आधारानं उठा. श्वास सोडताना पोट हळूच आत घ्या. पट्टा खालपासून रुंद बांधा, श्वास अडेल इतका आवळू नका. मग रोज दुपारी कडी लावून सासू-सून शेजारी शेजारी पडून श्वास सोडत. काय ते दृश्य! सासूला मधेच झोप लागे आणि सून तिला कोपरानं ढोसे.

हळूहळू शारदाच्या पोटात जोर आला. दिवाळीच्या सुमारास तिनं गुडघे वाकवून पोरीला उचललं, कडेवर घेतलं आणि सरळ उभी राहिली. सोजरबाई दारातून म्हणाली, "सून लई मान वर करून चालते व आता!"

"चालू दे," धुरपदाबाई म्हणाली. "लेकरू घेऊन चालते ती."

शारदा मला घडी करून पेटीत ठेवू लागली, तर सासू म्हणाली, "ठेवू नको. मले बांध." शारदानं मला तिच्या पोटाभोवती सावकाश गुंडाळलं आणि विचारलं, "जास्त तर नाही ना आवळलं, आत्याबाई?" एवढ्यावरच धुरपदाबाईला रडू फुटलं.

आता मी तिच्या पोटावर असतो. इतक्या वर्षांनी ते पुरतं जुळायचं नाही, हे मला कळतं. पण माझ्या आधारानं ती जरा सरळ बसते. माझेही धागे विरलेत, फार दिवस टिकेन असं नाही. म्हणून तेवढं एक ऐका. तुमच्या घरातली बाई वाकून चालत असेल, तर तिचं कौतुक करण्याआधी तिच्याजवळ बसा. ती बोलेपर्यंत उठू नका.