सेमिनारचा नाश्ता

फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरात कॉलेजला असताना नेरिसा आणि मी एकाच भाड्याच्या खोलीत राहायचो. ती शेजारच्या आंतिके प्रांतातल्या एका कोळ्याची मुलगी. शिष्यवृत्तीवर आलेली, रसायनशास्त्रात वर्गात पहिली.

तिला सेमिनारांचं भारी वेड. विषय शेतीचा असो की विम्याचा, नेरिसा पहिल्या रांगेत.

"तुला व्हायचंय तरी काय गं?" मी चिडवायची.

"सगळंच!" असं म्हणून ती तिथे मिळालेला पानसितचा डबा शेवटच्या शेवईपर्यंत चाटूनपुसून खायची. खोलीत मी भात नि सुकी मासळी घेऊन बसले, की मात्र म्हणायची, "मी डाएटवर आहे बाई. तू खा, तुझी कंबर तशीही गेलीच."

ऑक्टोबरात ती सकाळच्या तासांना उठेनाशी झाली. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. "आळशी झालीस हं," मी म्हटलं. तिने पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं.

दुपारी मी कॉलेजच्या समुपदेशन केंद्रात काम करायची. मानसिक आरोग्याच्या सेमिनारमध्ये भरून घेतलेले फॉर्म कॉम्प्युटरवर चढवायचे होते. फॉर्मवर नावं नव्हती. पण एकावरचं अक्षर मी ओळखलं; त्याच अक्षरातल्या वह्या वाचून मी दोन वर्षं पास होत आले होते.

गेल्या आठवड्यात किती दिवस एकदाच जेवलात? सात. जगणं नकोसं वाटतं? कधीकधी. आणि खाली लिहिलं होतं : 'वाचलेलं डोक्यात राहत नाही. पूर्वी असं नव्हतं.'

मी चार दिवस गप्प राहिले. पाचव्या दिवशी जास्तीचा भात लावला. "उरलाय, टाकून द्यावा लागेल," मी म्हणाले.

तिने पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तू वाचलंस ना?"

"त्यावर नाव नव्हतं."

"म्हणून तर खरं लिहिलं."

मान खाली घालून ती जेवली, सगळा भात संपवला. मग रडली. "भुकेची नाही गं लाज वाटत. आता मला साधं समीकरण सुटत नाही, त्याची वाटते."

दुसऱ्या दिवशी मी तिला केंद्रातल्या मॅडमकडे नेलं. त्यांनी तिला डॉक्टरांना दाखवलं, दुपारच्या जेवणाची सोय केली. पण परीक्षा तोंडावर आली होती. ती दोन विषयांत नापास झाली आणि शिष्यवृत्ती गेली.

तिला न्यायला वडील आले, इस्त्रीचा शर्ट घालून. तिची पेटी उचलताना मला म्हणाले, "फोनवर सांगायची, इथे कार्यक्रमांत खायला घालतात. आम्हाला वाटलं, पोरीचं बरं चाललंय."

ती आता गावी आईबरोबर मासळी वाळवते. औषध चालू आहे. परवा फोनवर तिने विचारलं, "पुढच्या वर्षी परत येता येईल का गं?"

मी ऑफिसात चौकशी केली. शिष्यवृत्ती एकदा गेली की पुन्हा मिळत नाही, म्हणाले. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.