गटारीचे चार ट्रे

सत्त्याण्णवच्या एप्रिलमध्ये मी गावाची गटार उन्हात मांडली होती.

तिसगावच्या अलीकडे आमचं गाव. गावातलं सगळं सांडपाणी उतारानं आमच्या वस्तीत येतं आणि विहिरीच्या कडेला मुरतं. वस्तीतली पोरं दर महिन्याला हगवणीनं आडवी होतात. याबद्दल कोणाची तक्रार नाही, म्हणजे वरच्या गावातल्या कोणाची.

मी पाथर्डीला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. भुईमुगाच्या टरफलांचा कोळसा टिटॅनियमच्या पांढऱ्या पुडीत खलून मी एक भुकटी केली होती. कण इतके बारीक, की सूक्ष्मदर्शकाखाली नुसता धुरळा दिसे. अंधारात ती काहीच करत नाही. ऊन लागलं की पाण्यातले जंतू मारते. सरपंच आबासाहेब म्हणाले, "गटारीच्या पान्यातले मारून दाखवा, सर. नगरचा रिपोर्ट आला की एक मेच्या ग्रामसभेत वस्तीत सांडपानी शुद्ध करायच्या टाकीचा ठराव घेऊ."

अंगणात चार ट्रे मांडले, गटारीचं पाणी ओतलं, भुकटी टाकली. आईला, बनाबाईला, बजावलं, "मी येईपर्यंत हात लावू नको." कारण सांगितलं नाही. वर्गात दिवसभर कारणंच सांगत असतो, घरी कंटाळा येतो.

संध्याकाळी बाटली भरून बर्फात घालून नगरच्या प्रयोगशाळेत नेली. रिपोर्ट थेट ग्रामपंचायतीत आला आणि सभेत आबासाहेबांनी तो सावकाश वाचला. जंतू जसेच्या तसे.

"सर, तब्येती सुधारल्यात त्यांच्या," ते म्हणाले. सभा खो-खो हसली. मला इतकी लाज वाटली की टाकी गेल्याचं दुःखही सुचेना.

तेवढ्यात मागून आई उठली. ग्रामसभेत ती आजवर एक शब्द बोलली नव्हती.

"पोराचं चुकलं न्हाई. त्यो कालेजात गेला की मी ट्रे गोनपाटानं झाकले. त्यो यायच्या आत काढलं."

तिचा असा राग आला की विचारू नका. विचारलं आबासाहेबांनीच. "कशापायी झाकलं, बनाबाई?"

"समद्या गावाची घान माज्या दारात, उघड्यावर. येनारं-जानारं नाक धरतंय, म्हनतंय बनाबाईचं दार बगा. मंग झाकू न्हाई तर काय करू?"

आबासाहेबांनी चष्मा पुसला आणि विषय पुढच्या सभेवर ढकलला.

आम्ही घरी आलो. राग कधीच गेला होता, उरली होती ती माझीच शरम. मग ओट्यावर बसून पहिल्यांदा सांगितलं, की भुकटीला ऊन लागतं, उन्हाशिवाय ती मातीच.

"मंग आदी सांगायचं," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. ट्रे तिनंच मांडले, अंगणातून उचलून पार रस्त्याला लागून, आणि शेजारी पाट टाकून बसली. नऊच्या सुमारास आबासाहेब नाकाला रुमाल लावून मोटारसायकलवरून निघाले होते. आईनं हात आडवा करून त्यांना थांबवलं.

"उतरा, सरपंच. बगून जा," ती म्हणाली. "तुमचीच हाय."