कांता बाही

परळच्या शिवणवर्गात दुपारची मशिनींची खडखड चालू होती, आणि कौसल्याचं लक्ष आपलं मशीन सोडून खिडकीपाशी बसलेल्या कांताच्या बाहीवर होतं. कापड कमी पडलं म्हणून कांताने बाहीला उरलेल्या रंगीत तुकड्याची पाकळी जोडली होती. दुसऱ्या एखादीने ठिगळ लपवलं असतं; हिने ते मिरवलं. बघता बघता लालबाग-परळच्या पोरींच्या पोलक्यांना पाकळ्या फुटल्या, आणि त्या बाहीला ‘कांता बाही’ असं नावच पडलं.

कौसल्या गोरी, नाकीडोळी नीटस, चाळीतल्या गणपतीच्या मेळ्यात नेहमी पुढे उभी राहणारी. तरी ‘कौसल्या वेणी’ असं कधी कुणी म्हटलं नव्हतं. याचा तिला मनस्वी राग होता. त्याहून मोठा राग याचा, की न राहवून तिनेही कांताकडूनच एक पोलकं शिवून घेतलं होतं.

ते घरी आणलं तेव्हा तिची आई, गंगुबाई, दारातच आडवी आली होती.

“थांब गो चेडवा! तसाच आत हाडू नको. आदी पाणी शिंपडूक व्हया.”

“आई, नवंकोरं कापड आहे.”

“कापड नवा, पण हात कोणाचो लागलो?”

कांताच्या घरच्यांनी वर्षापूर्वी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. जुनी जात त्यांनी टाकून दिली. गंगुबाईंनी मात्र ती त्यांच्या वतीने जपून ठेवली होती. तांब्यातलं पाणी शिंपडून पोलकं आत गेलं. वर, शिलाई झकास आहे हो, असंही त्या म्हणाल्या.

दिवाळी तोंडावर आली, तेव्हा हिंदमाताजवळच्या एका मोठ्या कापडदुकानाचे जगदीशराव वर्गावर आले. तरुण मुलींना दुकानाकडे खेचायचं कसं, या एकाच कामावर शेटजींनी त्यांना नेमलं होतं.

“मोठ्या बायका भाव बघतात, मुली एकमेकींकडे बघतात,” ते शिवणबाईंना समजावत होते. “जिचा सगळ्यांना हेवा वाटतो अशी एक मुलगी आम्हांला दाखवा. तिने आमचं कापड अंगात घातलं, की बाकीच्या आपोआप येतील.”

मुली फिदीफिदी हसल्या आणि सगळ्यांची बोटं कांताकडे वळली.

जगदीशरावांनी बाही निरखून पाहिली. “वा! दिवाळीला दुकानाच्या काचेत तुझा फोटो लावू. आणि आमच्या शिवणखात्यात नोकरी. करशील?”

“करीन की,” कांता म्हणाली. तिचे वडील कोंडीराम गिरणीत बदली कामगार; पाळी मिळाली तर मिळाली. घरात एक कायमचा पगार म्हणजे काय, हे त्या मुलीला पक्कं ठाऊक होतं.

जगदीशराव जिना उतरले, तशी कौसल्या मागोमाग धावली.

“साहेब, ती कुठं राहते माहीत आहे का?” तिने चाळीचं नाव सांगितलं; त्या नावावरूनच जात कळत होती. “मला काय त्याचं? पण गिऱ्हाइकं काय म्हणतील, म्हणून म्हटलं.”

जगदीशराव शिकलेले, सभांना जाणारे. त्यांनी एकही वावगा शब्द उच्चारला नाही. फक्त विचारलं, “तुझ्याकडे आहे का गं अशा बाहीचं पोलकं?”

हेवा विकायला निघालेल्या माणसाला तो असा जिन्यातच फुकट मिळाला.

पुढचे दिवस कौसल्याने मिरवावं असे होते. फोटो निघाला. नोकरीही तिच्याच नावे झाली. गंगुबाईंनी ही बातमी नळावर चारदा सांगितली. पण आतली जळजळ काही जाईना. आरशात पाहिलं, की आधी बाही दिसे आणि मग स्वतःचं तोंड. त्यात वर्गात कांता रोज विचारी, “ते साहेब परत आले न्हाईत का गं?” कौसल्या दोऱ्याची गाठ सोडवत बसे.

दुकानाने दादरच्या एका सभागृहात मुलींचा मेळावा भरवला. पुढच्या रांगेत गंगुबाई नवी लुगडी नेसलेल्या शेजारणींसह बसल्या होत्या. मागे दाराशी कांता उभी होती; तिला कुणी बोलावलं नव्हतं, आणि कुणी अडवलंही नव्हतं.

“मुंबईसह संयुक्त महाराष्ट्रासाठी आज मराठी माणूस एक झाला आहे,” जगदीशराव माईकवर म्हणाले. टाळ्या पडल्या. “त्याच मराठी मुलींसाठी आमची दिवाळीची भेट: ही पाहा, कौसल्या बाही!”

मुली एकमेकींकडे बघू लागल्या. कौसल्या पुढे आली. इतके दिवस जे हवं होतं ते नाव कानांवर पडलं, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दाराशी उभी असलेली कांता तिच्याकडे बघत होती.

“ही माझी नाही,” कौसल्या माईकजवळ म्हणाली. “ही कांताची बाही आहे. ती तिकडे उभी आहे. मला... मला तिचा हेवा वाटला, म्हणून मीच साहेबांना तिची चाळ सांगितली. आमच्या घरी हे पोलकं पाणी शिंपडून आत घेतलं. साहेबांनी बाहीचं नाव बदललं. मला ही नोकरी नको.”

“किती विनयशील मुलगी!” जगदीशरावांनी हसत माईक ओढून घेतला. गंगुबाईंनी पदर तोंडाला लावला.

बाहेर रस्त्यावर कौसल्याने कांताला गाठलं.

“बोललीस म्हणून आता मी तुझ्या पाया पडू का?” कांता म्हणाली. “माझी नोकरी गेली ती गेलीच ना?”

“हो,” कौसल्या म्हणाली.

नोकरी कांताला मिळाली नाही. दुकानात दिवाळीभर मुली येत राहिल्या आणि ‘कांता बाही दाखवा’ असंच म्हणत राहिल्या. नोकर मुकाट्याने दाखवत राहिले. कौसल्याचा हेवा गेला म्हणावं, तर तेही खरं नाही. फक्त आता ती वर्गात मान खाली घालून शिवते. कांताहून चांगली बाही जमवायचीच, असा तिचा हट्ट आहे.

आणि भाऊबिजेनंतर एका दुपारी, आपण शिवलेली बाही दाखवायच्या निमित्ताने, तिने कांताला घरी आणलं. गंगुबाई सवयीने तांब्या घेऊन दारात आल्या. कौसल्याने कांताचा हात हातात घट्ट धरला.

“आई, शिंपडायचं तर आधी माझ्यावर शिंपड. रोज हिच्या शेजारी बसते मी.”

कांता पायरीखाली उभी. म्हणाली, “काकी, काय ते लवकर ठरवा. मला वर्गाला जायचंय.”

गंगुबाईंच्या हातातला तांब्या ना वर उचलला जात होता, ना खाली ठेवला जात होता. वाचकहो, त्यांना हसू नका. आपापल्या दाराआड एकदा बघून या.