आंबट उन्हातल्या रेवताबाई

रेवताबाई आठवल्या की आधी वास येतो, चेहरा मागाहून. आश्विनातले पांढरे ऊन, मांजरी गावच्या उसावरून वाहत येणारा ओलसर गोडवा, आणि त्या गोडव्याच्या पोटात दडून बसलेला, विसरलेल्या ताकाच्या गाडग्यासारखा आंबट, कुबट, टाळूला चिकटणारा दर्प. तो त्यांच्या आजारी कोंबडीच्या चोचीतून निघे. परंतु पंधरवडाभर तो त्यांच्या पदरात, तळहातांत आणि माझ्या समजुतीप्रमाणे त्यांच्या नावातही मुरला होता.

मी व्यवसायाने अर्जनवीस. शाळा नववीत सुटली, हे खरे. तथापि कचेरीबाहेरच्या कडुनिंबाखाली माझे टेबल सव्वीस वर्षे आहे, आणि माझ्या मसुद्यातली वेलांटी बदलण्याचे धाडस भल्याभल्यांना झालेले नाही. स्वच्छता हा माझा स्वभाव. सदरा पांढरा, समास सरळ, हिरव्या कागदाच्या कडा कापलेल्या आणि पाने मेण लावलेल्या दोऱ्याने शिवलेली. संध्याकाळी घराच्या मागच्या ओसरीवर बसून मी पाने शिवीत असे आणि उरलेली दोऱ्या-कागदाची कातरण केरसुणीच्या एका फटकाऱ्यात पायरीखाली लोटीत असे. पायरीखाली सामाईक अंगण होते. पलीकडच्या दोन खोल्यांत रेवताबाई राहत.

मुलाच्या नोकरीमागोमाग त्या वर्धेकडून आल्या होत्या. मुलगा खराडीच्या कोणत्याशा कंपनीत, दिवस-रात्रीच्या पाळ्यांत हरवलेला. येताना त्यांनी टोपलीत एक पिल्लू आणले होते, त्याची आता तांबूस, भरदार कोंबडी झाली होती. या शहरात त्यांचे बोलणे कळणारा तो एकच जीव असावा. पहाटे ‘ति-ति-ति’ असा त्यांचा स्वर अंगणात सांडे, आणि त्या स्वराच्या मागे दाणे सांडत. तो स्वर मला आवडे, हे मी तेव्हा कबूल केले नसते.

मग कोंबडी आजारी होऊन बसली. रोग असा की कोणत्याही एका नावात मावेना. मान लांब करून ती हवेला जांभई दिल्यासारखी चोच उघडी, पाणी अधाशासारखे पिई, दाण्याकडे मात्र परक्यासारखी पाही. मानेखालची दाण्याची पिशवी पाण्याने भरलेल्या फुग्यागत लोंबत होती. विष्ठा पातळ, हिरवट-पांढरी. तिचे वर्णन याहून अधिक करणे माझ्या लेखणीला शोभत नाही. कोणी म्हणाले मानमोडी, कोणी म्हणाले नजर. जनावरांच्या दवाखान्यातून आणलेली पूड पाण्यात विरघळली, रोग विरघळला नाही.

रेवताबाई तिला मांडीवर घेत, कोमट तेलाचा हात पिशवीवरून फिरवीत आणि क्षणभर उलटी धरीत. मग चोचीतून ते करडे, फेसाळ, किळसवाणे पाणी त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळे. मी रुमाल नाकाशी धरून आत वळे.

“काहून नाक धरून रायले भाऊ?” त्या मान वर न करता म्हणत. “लेकराची ओकारी नाही काढली का कधी?”

शेजारचे आपटेकाका, नारायण पेठेतून इथल्या नव्या इमारतीत आलेले निवृत्त कारकून, एके सकाळी माझ्याकडे आले. त्यांच्या सांगण्यावरून मी महापालिकेला तक्रार लिहिली: सदर कुक्कुटामुळे दुर्गंधी व रोगप्रसाराचा धोका उत्पन्न झाला असून सदर पक्षी तत्काळ हलविण्यात यावा. शब्द सुरेख उतरले. तीन पाने झाली. सोमवारी दाखल करायची होती. पथक आले असते तर कोंबडीचे काय झाले असते, हे सर्वांना ठाऊक होते.

त्याच दुपारी रेवताबाई पायरीशी आल्या. “भाऊ, डॉक्टरले माह्यं बोलनं समजत नाही. इचं काय काय होते ते तुमी कागदावर लिहून द्या ना.”

नकार देता येईना. त्या लक्षणे सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. संध्याकाळी पुन्हा डोकावलेल्या आपटेकाकांनी माझ्या घरच्या टेबलावरचे दोन्ही कागद पाहिले आणि चष्मा पुसला. “वा! आपण दोन्ही बाजूंचे वकीलपत्र घेतलेत वाटतं?”

तो कागद दवाखान्यात पोहोचण्याची वेळच आली नाही. रविवारी, उतरत्या उन्हात, रेवताबाईंनी कोंबडीची चोच उघडून आत पाहिले आणि त्यांचा हात थबकला. जिभेच्या मुळाशी काहीतरी गुंडाळलेले होते. त्यांनी तेलाचे दोन थेंब सोडले, पिशवी चोळली, पुन्हा सोडले, पुन्हा चोळले. ओढले मात्र नाही. कितीतरी वेळाने, त्या आंबट पाण्याबरोबर, कुजलेल्या गवताचा एक बुळबुळीत गोळा त्यांच्या ओंजळीत पडला. त्या गोळ्याला दोरा वेढलेला होता. मेणाचा, पांढरा. आणि दोऱ्याला हिरव्या कागदाची एक चिंधी.

मी ओसरीवर उभा होतो. रुमाल नाकाशी होताच. पण शिसारी आली ती त्या वासाची नव्हती. आत टेबलावर तक्रारअर्ज पडला होता, त्याच दोऱ्याने शिवलेला.

रेवताबाईंनी गोळा बाजूला ठेवून पदराने कोंबडीची चोच पुसली. तिसऱ्या दिवशी कोंबडीने दाणा टिपला. त्या संध्याकाळी त्या पायरीशी आल्या. हातात बोटाला गुंडाळून केलेली एक लहान, स्वच्छ लडी.

“तुमचा दोरा हाये ना भाऊ. धुतला मी. मजबूत हाये अजून.”

त्यांच्या स्वरात टोमणा मी पुष्कळ शोधला. तो असता तर मला बरे वाटले असते.

तक्रार दाखल झाली नाही. आपटेकाकांनी विचारले तेव्हा मी म्हणालो, “मसुद्यात चूक राहिली.” सव्वीस वर्षांत हे वाक्य मी प्रथमच उच्चारले.

पुढल्या उन्हाळ्यात मुलाची बदली झाली आणि टोपली, कोंबडी, तो पहाटेचा स्वर, सारे एका टेम्पोत बसून निघून गेले. आता मी दोऱ्याचे तुकडे एका डब्यात ठेवतो, अंगण झाडतो आणि आश्विन आला की ओसरीवर रुमालाशिवाय बसतो. हवा निर्मळ असते, उसाचा गोडवा निर्वेध येतो. आणि काळाने किती काय धुऊन नेले, हे मला त्या आंबट वासाच्या नसण्यातूनच कळते.