न मारलेल्या औषधाचा दाखला

एकाहत्तर सालची गोष्ट. श्रीरामपूरच्या एका वैद्यबुवांना तेल काढायला तीळ हवे होते. बेलापूरच्या मालनबाईने नेलेले तीळ त्यांनी मुठीत घेऊन पाहिले, पसंत केले आणि म्हणाले, "औषधाला पाहिजेत. पण औषध मारलेले नकोत. तसा कुणाचा तरी दाखला आणा."

औषधाला हवेत आणि औषध नको! एसटीत बसून मालनबाईने हे मनात घोळवून पाहिलं. मग उमगलं, की तिचा दीर कारभारी कपाशीवर पंपाने मारतो ते औषध. तसलं तिने कधी घरात आणलं नव्हतं. मग दाखल्याला काय अडचण, म्हणून ती थेट ग्रामसेवकाकडे गेली.

ग्रामसेवकाने पेन उघडलं आणि परत बंद केलं. "बाई, पंचायतीतून औषध नेल्याचा दाखला देतो. न नेल्याचा कसा देऊ? जे झालंच नाही ते मी पाहिलं, असं कसं लिहू?"

"मंग भाऊसाहेब, माजं खरं कोन म्हननार?"

"शेजारच्या शेतकऱ्याला घेऊन या."

शेजारी म्हणजे कारभारीच. तो कपाशी वेचत होता. "वहिनी, तुमी न्हाई मारलं, हे मी कुटंबी सांगंन," तो म्हणाला. "पन मी मारलं ना. पोळ्याच्या आधी पंप चालवला, तवा वारं तुमच्याकडंच हुतं. तुमच्या तिळावर बरंच उडालं आसंल."

"मला बोलला न्हाईत, भावजी."

"मला वाटलं, फुकटात तुमचंबी काम झालं."

त्याच्यावर रागवावं, तर त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती दाखल्याशिवायच श्रीरामपूरला गेली आणि घडलं ते सांगून मोकळी झाली.

वैद्यबुवा म्हणाले, "बांधाकडच्या ओळी सोडून बाकीचे द्या."

"किती ओळी सोडू?"

"चार-सहा सोडा."

"वारं तितक्यावर थांबतं व्हय?"

शिवाय सगळ्या पेंढ्या एकाच खळ्यावर झाडलेल्या. बांधाकडचे तीळ कोणते नि मधले कोणते, कसं ओळखायचं? शेवटी ठरलं, की पुढल्या साली तिने ओढ्यापलीकडच्या तुकड्यात तीळ पेरायचे आणि वैद्यबुवांनी पेरणीला नि काढणीला स्वतः येऊन पाहायचं.

"आन मधल्या दिसांत मी काय केलं, ते तुमाला कसं कळंल?"

"तुम्ही सांगाल की," वैद्यबुवा म्हणाले.

मग आधी दाखला कशाला मागितला, हे तिला विचारायचं होतं. पण एसटीची वेळ झाली होती.

संध्याकाळी कारभारी जेवायला येणार होता. तिने चटणीसाठी तीळ तव्यावर टाकले. ते तडतडू लागले आणि तिचा हात थांबला. परवापर्यंत हेच तीळ ती बिनघोर खात होती. तिने तवा उतरवला आणि बाजारातून आणलेले शेंगदाणे भाजायला घेतले. ते कुणाच्या रानातले होते, कोण जाणे.