ट्रंकेतल्या कण्या

संध्याकाळी सात वाजून गेले की स्वयंपाकघरातल्या बल्बची तार दिसायला लागे. एरवी पेटलेल्या दिव्याकडे बघवत नाही. पण या वेळी काचेच्या आतलं ते बारीक वेटोळं विझत्या निखाऱ्याच्या रंगाचं होई आणि त्याचा एकेक वळसा स्पष्ट दिसे. स्वप्नाला त्या तारेवरून गावाचा अंदाज यायचा. तार पिवळी असली, म्हणजे घरोघरी नुसत्या बातम्या लागल्यात. लाल झाली, म्हणजे रात्रीची लाईट आली आणि ओढ्याकाठच्या झाडून साऱ्या विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या. मोटारींना लोकांनी 'आटो' बसवले होते. मालक घरात जेवत बसे आणि रानात मोटार आपली आपण उठून उसाला पाणी पाजत असे. विजेचा सगळा जोर तिकडे. घरांच्या वाट्याला उरेल ते.

कोरेगावपासून आत असलेल्या या गावात सांगलीहून सून म्हणून आल्यावर या उजेडाचा तिला राग यायचा. यंदाच्या दिवाळीत मात्र तिला त्याचा एक उपयोग सापडला.

भाऊबीजेला ती सांगलीला गेली होती. तिचा धाकटा भाऊ कुणाल कंपनीच्या कामानं वर्षभर अमेरिकेत राहून नुकताच परतला होता. त्यानं ओवाळणीत एक खोकं दिलं. आत चिनी मातीचं जाड भांडं, भोवती विजेचं आवरण, वर काचेचं झाकण. सोबत ओट्सचा गोल डबा.

"ताई, रात्री ओट्स, पाणी, दूध घालायचं आणि बटण दाबून झोपायचं. सकाळी गरम लापशी तयार. तिकडं मी वर्षभर त्यावरच जगलो."

"म्हणूनच असा वाळलायस," आई म्हणाली.

स्वप्नानं भांडं उलटं करून खालचा पत्रा वाचला. "कुणाल, हे एकशेदहा व्होल्टचं आहे."

कुणालनं जीभ चावली. "ते राहिलंच की! मधे ट्रान्सफॉर्मर लागेल. इथं सरळ लावलंस तर जळेल."

"सांगलीत जळेल," स्वप्ना म्हणाली आणि खोकं पिशवीत ठेवलं.

तिला त्या भांड्याची निकड होती, आणि ती तिनं माहेरीही सांगितली नव्हती. कोरेगावातल्या एका शाळेतले विज्ञानाचे शिक्षक दिवाळीला निवृत्त झाले होते. हेडमास्तर आप्पासो गणपतीपासून तिच्या मागे होते. "बी.एस्सी., बी.एड. होऊन घरात काय करताय? दिवाळीनंतर शाळा उघडायच्या आत सांगा. नाहीतर मला दुसरं कुणी बघावं लागेल." शाळा सकाळची. त्यासाठी गावातून सुटणारी पहिली एसटी गाठायला हवी. आणि नेमकी त्याच वेळी ती चुलीपुढे कण्या ढवळत असायची.

कण्या सासऱ्यांसाठी. आकाराम फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. उन्हाळ्यात त्यांचं पोटाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, उठल्यावर पोट रिकामं ठेवायचं नाही. मऊ आणि गरमच खायचं, तिखटाचं नाव नको. सासूबाई जाऊन दोन वर्षं झालेली, नवरा धनाजी राजस्थानात पलटणीबरोबर. तो फोनवर म्हणायचा, "नोकरीचं तू ठरव. फक्त आबांचं तेवढं बघ."

आबांना विचारलं असतं तर ते नाही म्हणाले नसते. पंचाईत तीच होती. ते लगेच "जा की" म्हणाले असते, आणि दुसऱ्या दिवसापासून शिळी भाकरी आणि खर्डा खाऊन महिन्याभरात पुन्हा दवाखान्यात गेले असते. म्हणून आधी सकाळच्या खाण्याची सोय आणि मग विचारणं, असा तिनं मनाशी क्रम लावला होता. त्या क्रमापायी गणपती गेले, दसरा गेला, दिवाळीही झाली.

गावी आल्यावर तिनं वायरमन जोतीरामाला बोलावलं. बल्बची तार लाल झाल्यावर त्यानं मीटर लावला.

"एकशेवीस," तो ओशाळून म्हणाला. "वहिनी, माझ्या हातात काय न्हाई बघा. तक्रार वर करा."

"तक्रार कसली? एकशेवीस उत्तम आहे."

तक्रार न करणारं गिऱ्हाईक जोतीरामानं नोकरीत पहिल्यांदाच पाहिलं असावं. चहा न घेताच तो गेला.

आबांनी ओट्सचे चार दाणे तळहातावर घेतले, हुंगले आणि सुनेकडे पाहिलं.

"पोरी, ही जई हाय."

"हो आबा."

"ही आमी खेचरांना घालत व्हतो."

आबांची सगळी नोकरी खेचरांच्या पलटणीत झाली होती. गाडी जात नाही अशा डोंगरावरच्या चौक्यांवर त्यांनी खेचरांच्या पाठीवरून पीठ, तेल, दारूगोळा नेला होता. माणसांची नावं ते विसरत, खेचरांची कधीच नाही.

"अमेरिकेत माणसं खातात," स्वप्ना म्हणाली.

"मग त्यांच्यात नि चमेलीत फरक काय ऱ्हायला?"

पण सकाळी झाकण काढलं, गूळ आणि दूध घातलं, आणि आबांनी वाटी पुसून खाल्ली. "चमेली उगंच डोंगर चढत न्हवती," म्हणाले आणि वाटी पुन्हा पुढे केली.

तीन दिवस असं चाललं. तिसऱ्या दिवशी स्वप्ना बोलायचं ठरवूनच त्यांच्यासमोर बसली. तेवढ्यात शेजारच्या रंगुबाई विरजण मागायला आल्या. त्यांनी भांड्याभोवती एक प्रदक्षिणा घातली.

"आगं बया! राकेल न्हाई, जाळ न्हाई, आनि शिजतंय कसं?"

"विजेवर, काकू."

"आमच्या हितल्या विजंवर? तिच्यावर आमचा पंखासुदिक फिरत न्हाई!" रंगुबाई पदर तोंडाला लावून हसल्या आणि तिथंच ठाण मांडून बसल्या. बोलणं राहिलं. उद्या सांगू, असं स्वप्नानं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी तिला करपट वासानं जाग आली. स्वयंपाकघरात लख्ख उजेड होता. आबा हातातल्या काठीनं प्लग ओढून उभे होते. भांड्याला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता, आत काळी खरवड होती, आणि आवरणातून धुराची एक रेघ निघत होती.

"तुज्या भावाचं मशिन शहीद झालं," आबा म्हणाले.

स्वप्नानं वर पाहिलं. बल्ब पांढरा जळत होता. तार दिसत नव्हती.

मग तिच्या लक्षात आलं आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला. पाळी बदलली होती! मोटारींना एक आठवडा रात्रीची लाईट मिळे, एक आठवडा दिवसाची. गावातल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक होतं. रात्री मोटारी बंद राहिल्या आणि सगळी वीज घरांकडे वळली. दाब दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, हे ती कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकली होती. पाळीचा आठवडा संपत आलाय, हे मात्र तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहिलं नव्हतं, आणि रात्री बटण दाबताना वर बल्बकडेही बघितलं नव्हतं.

तिनं मुकाट्यानं चूल पेटवली आणि कण्या ढवळायला बसली. आबा दारात उकिडवे बसून तिच्याकडे बघत राहिले.

"भांडं फुटलं म्हनून एवढं तोंड उतरतंय व्हय?"

"नाही आबा. धूर लागला डोळ्यांना."

"धूर," आबा म्हणाले. "बरं."

सोमवारी शाळा उघडणार होती. आज गुरुवार. कण्या रटरटत होत्या आणि ती त्यांच्याकडे बघत होती. ढवळता ढवळता तिनं चुलीतला जाळ मागे ओढला. तरी पातेल्यातले बुडबुडे लगेच थांबले नाहीत. मऊ होण्यासाठी दाण्याला जाळ कुठं लागतो, तिच्या मनात आलं. त्याला ऊब लागते. एकदा उकळलेल्या पातेल्यात हवी तेवढी ऊब असतेच. ती बाहेर जाऊ दिली नाही, की झालं. मग वीज आली काय, गेली काय आणि पाळी बदलली काय!

ती पदराला हात पुसत उठली. "आबा, तुमची ट्रंक द्याल?"

आबांची काळी ट्रंक त्यांच्या खाटेखाली असे. तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. सासूबाईंनीसुद्धा ती कधी उघडली नव्हती, असं धनाजी सांगे.

"कशाला?"

"कण्या शिजवायला."

आबा खाटेपाशी जाऊन खाली बसले. मग त्यांनी ट्रंक बाहेर ओढली आणि एकेक वस्तू खाटेवर मांडली: गणवेश, पदकांची डबी, पितळी घंटा. घंटा वाजवून बघितली. "चमेलीची," म्हणाले आणि ती खिशात घातली. "घे."

परसात उसाच्या पाचटाचा ढीग होता. तोड नुकतीच सुरू झाली होती. संध्याकाळी स्वप्नानं ट्रंक अंगणात घेतली आणि पाचट आणून तिच्यात पसरलं. मधे पातेल्याला जागा केली आणि भोवती मुठी-मुठीनं भरू लागली. आबांना ते बघवेना.

"सर बाजूला. आसं भरल्यावर पैल्या चढालाच खोगीर फिरंल."

"याला कुठं चढायचंय आबा?"

"भरणं म्हंजे भरणं! पोकळ ऱ्हायलं की घात. खोगीरात पेंढा भरण्यात माजी उमर गेली, आनि तू मला शिकवतीस?"

"शिकवत नाही. मलाही तेच हवंय. मधे हवा खेळली की ऊब पळते."

"मग आपलं येकच म्हननं हाय की! सर."

त्यांनी पाचट हातानं चुरलं, काड्या आडव्या-उभ्या बसवल्या, गुडघ्यानं दाबल्या, कोपरे कोंबून भरले. स्वप्नानं भिजवलेल्या कण्या मीठ घालून खळखळून उकळल्या आणि गच्च झाकणाचं पातेलं, वाफ चढलेली असतानाच, त्या जागेत उतरवलं. ते तिथं नेमकं बसलं. वर जुनी गोधडी दुमडून घातली. आबांनी ट्रंकेचं झाकण लावलं, कडी घातली आणि सवयीनं कुलूपही लावलं.

"कुलूप कशाला?"

"ऊब पळंल म्हनलीस न्हवं?"

कुंपणापलीकडून रंगुबाईंनी हे सारं पाहिलं होतं. "आवं हवालदार, कण्या कुठं बदलीवर निघाल्या?"

"व्हय! तुमच्याकडंच धाडतो. सांभाळून उतरून घ्या!"

सकाळी स्वप्नाला जाग आली ती घंटेच्या आवाजानं. आबा अंघोळ करून, टोपी घालून अंगणात बसले होते आणि चमेलीची घंटा हलवत होते. शेजारी ट्रंक उघडी. पुढ्यात दोन वाट्या, दोन्हींतून वाफ निघत होती. उसाच्या पाचटाचा गोडसर वास पार अंगणापर्यंत आला होता.

"आबा, तुम्ही काढलंत?"

"मग काय ट्रंक सवताहून परेडीला आली? बस."

स्वप्नानं एक कणी बोटांत धरून चिरडली. मधे टणकपणा नव्हता. दाणा आतपर्यंत फुलून मऊ झाला होता. तिनं दुसरी चिरडली, तिसरी चिरडली.

"परीक्षा झाली आसंल तर खा आता. गार व्हतंय."

दोघं खात बसली. आबांनी दुधाचा तांब्या स्वतःच कलंडवला, वाटीत भर घातली आणि रिकामं पातेलं उचलून मोरीत ठेवून आले.

"उद्यापास्नं ह्ये माज्याकडं," ते परत बसत म्हणाले. "रातच्याला तू उकळायचं, मी भरायचं. सकाळी मीच उघडणार. तू मधी यायचं न्हाई. तुला दुसरी कामं हायती."

"कुठली कामं?"

आबांनी मिशी पुसली. "आप्पासो मास्तर मला दसऱ्याच्या बाजारात भेटला हुता."

स्वप्नाच्या हातातली वाटी थांबली. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"सारं."

"मग बोलला का नाहीत, आबा? मी इकडं रोज..."

"मी बोलून काय उपेग? जा म्हनलं आसतं, तर सासऱ्यानं धाडली. नगं म्हनलं आसतं, तर सासऱ्यानं अडवली. तू काय ठरीवलंस, त्ये कुनाला कळलं आसतं?" त्यांनी घंटा वाटीशेजारी ठेवली. "मी वाट बघत हुतो. मशिन आलं तवा म्हनलं, आता बोलंल. मशिन जळलं, तवा तरी बोलंल. तू म्हनतीस, धूर लागला."

स्वप्नाला हसू आलं आणि डोळेही भरून आले. या वेळी मात्र चूल पेटलेली नव्हती.

"ठरवलंय मी," ती हळूच म्हणाली.

"काय?"

"जायचं."

"ऐकू आलं न्हाई. फौजेत मनातल्या मनात रिपोर्ट देत न्हाईत. हुबं ऱ्हा, आनि मैदानाच्या त्या टोकाला ऐकू जाईल आसं सांग."

मैदानाच्या त्या टोकाला, म्हणजे कुंपणापलीकडे, रंगुबाई हातातला झाडू थांबवून उभ्या होत्याच. स्वप्नानं वाटी खाली ठेवली. उठून उभी राहिली. पदर नीट केला.

"आबा, सोमवारपासून मी शाळेत शिकवायला जाणार आहे! पहिल्या गाडीनं!"