कावीळ नव्हतीच

सकाळची गर्दी ओसरली, की भट्टीवाली काकी बेकरीच्या मागच्या जिन्याने वर जायची, खोलीच्या उंबऱ्यात ताटली ठेवायची, दार वाजवायची आणि लगबगीने खाली यायची. आतून थोरली सून दार उघडेपर्यंत काकीने जिना उतरलेला असे.

सून माहेरी गेली, असं गिऱ्हाइकांना सांगितलं होतं. थोरला मुलगा काविळीने गेला, असंही सांगितलं होतं. खरं तर त्याला एचआयव्ही होता. लग्नाआधीपासून होता, त्याला ठाऊकही होतं, आणि त्याच्याकडूनच तो बायकोला झाला. तरी तो गेल्यावर घरातल्या सगळ्यांची बोटं वळली ती तिच्याकडेच.

"वहिनी दवाखान्याच्या रांगेत दिसली तर आपला पाव कोण घेईल?" असं म्हणून धाकट्या मुलाने तिचं बाहेर जाणं बंद केलं. औषधं संपली. ताप अंगात मुरत गेला. एका सकाळी ताटली जशीच्या तशी राहिलेली दिसली, तेव्हा काकी दार ढकलून आत गेली. तिने शेजारची गाडी बोलावली आणि सुनेला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "गोळ्या आम्ही देऊ. पण घरातल्या कोणीतरी काळजी घ्यायला शिकायला हवं. इथे वर्ग चालतो. तुम्ही या."

दवाखान्याच्या मागच्या दालनात काकी कोपऱ्यातली जागा धरून बसली. सिस्टरने रुग्ण पलंगावर असताना चादर कशी बदलायची ते करून दाखवलं. तोंड आलं असेल तर काय भरवायचं, गोळ्यांची वेळ का चुकवायची नाही, रक्त पुसताना हातमोजे का घालायचे, सगळं समजावलं.

काकीने चाचरत विचारलं, "आणि एका ताटात जेवलं तर?"

"तर दोघांचं पोट भरतं," सिस्टर म्हणाली.

सगळे हसले. काकीला हसू आलं नाही.

घरी आल्यावर ती थेट वर गेली आणि सुनेच्या उशाशी बसली. केसांच्या जटा झाल्या होत्या. तिने तेलाची बाटली उघडली.

सून भिंतीकडे सरकली. "आई, लांब व्हा. तुम्हाला काही झालं तर भाऊजी मला जगू देणार नाहीत."

"काही होत नाही. शिकून आलेय मी. डोकं इकडे कर."

वर्ग सुरू राहिला, गोळ्याही सुरू राहिल्या. हळूहळू सून उठून बसू लागली, चार घास जास्त जेवू लागली. मग एक दिवस तिने गोळी हातातच धरून ठेवली. "आई, बरी होऊन इथेच कोंडून राहायचं असेल, तर ही घेऊ तरी कशाला?"

दुसऱ्या दिवशी काकी सुनेचा हात धरून खाली आली आणि तिने तिला गल्ल्याशेजारी उभं केलं.

धाकटा भट्टीपासून धावत आला. "आई, हिला वर ने!"

तोवर पाव घ्यायला आलेल्या शिंपीणबाईंनी हातातला पाव परत फळीवर ठेवला होता. "म्हणजे हिला तो आजार आहे, असं लोक बोलतात ते खरंच म्हणायचं. बिचारा तुमचा मुलगा! हिच्यापायी गेला."

सुनेने काकीकडे पाहिलं. काकी नुसती गप्प राहिली असती, तरी सगळं पूर्वीसारखं चाललं असतं.

"कावीळ नव्हतीच त्याला," काकी म्हणाली. आवाज शेवटच्या गिऱ्हाइकापर्यंत पोचत होता. "एचआयव्ही होता. लग्नाआधीपासून. हिला त्याने अंधारात ठेवलं आणि आजार दिला. तो गेल्यावर आम्ही हिला कोंडलं. हात लावल्याने, पाव खाल्ल्याने तो होत नाही. पाव घ्यायचा तर घ्या, नाहीतर राहू द्या. ही इथून हलणार नाही."

"मेलेल्या भावाची अब्रू चव्हाट्यावर मांडलीस!" धाकटा ओरडला.

"त्याच्या अब्रूसाठी जिवंत माणूस मारायला निघालो होतो आपण."

"मग मी या घरात राहायचा नाही!"

"नको राहूस. फक्त जाताना बाजूने जा, गिऱ्हाइकं उभी आहेत."

धाकटा खरंच बायकोला घेऊन सासऱ्याकडे गेला. शिंपीणबाई पुन्हा फिरकल्या नाहीत. बरेच दिवस संध्याकाळी फळ्यांवर पाव उरत राहिला. दोघी पहाटे उठून पीठ मळत राहिल्या. सुनेच्या हाताला पूर्वीचा जोर नव्हता, पण तिने परात सोडली नाही.

नवा वर्ग सुरू झाला, तेव्हा सिस्टरच्या शेजारी सून उभी होती. समोर कोणाचे आईवडील, कोणाच्या बहिणी, माना खाली घालून बसले होते.

"चादर कशी बदलायची ते सिस्टर शिकवतील," ती म्हणाली. "चादरीवरच्या माणसाशी कसं वागायचं, ते मी सांगणार आहे. ज्याला हा आजार आहे, त्याला विचारल्याशिवाय कोणाला सांगू नका. पण त्याला लपवूनही ठेवू नका. मला लपवलं होतं. मी मरता मरता राहिले."

मागच्या रांगेतला एक नवरा उठला. "ताई, सगळं पटतं हो. पण बायकोला घेऊन बाहेर पडलो, तर लोक काय म्हणतील?"

"म्हणतीलच," ती म्हणाली. "त्या वेळी तुम्ही काय म्हणणार, ते आज इथे ठरवून जा."